अनेक मॉड्यूलचा मेव्हन प्रोजेक्ट: गिटमध्ये काय ठेवायचं आणि जार कुठे ठेवायच्या

प्रॉडक्शन सर्व्हरवर आत्ता जी जार (जावा कोडचं बांधलेलं पॅकेज) चालू आहे, ती नेमक्या कोणत्या कमिटपासून, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या कोणत्या बदलापासून, तयार झाली? तुमच्या टीममध्ये हा प्रश्न एकदा विचारून बघा. उत्तर लगेच मिळालं तर तुमची घडी नीट बसलेली आहे. ‘बहुतेक गेल्या गुरुवारचा कोड असेल’ असं उत्तर आलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

प्रोजेक्टमध्ये एकच मॉड्यूल असतं तोवर ही अडचण जाणवत नाही. मॉड्यूल चार-पाच झाली, माणसं वाढली, टेस्टिंगला एक बिल्ड आणि ग्राहकाकडे दुसरं असं सुरू झालं, की गोंधळ वाढतो. तेव्हा मोडलेलं सावरण्यापेक्षा सुरुवातीलाच चार गोष्टी ठरवून घेणं कितीतरी सोपं असतं. मी इथे जावा आणि मेव्हन (कोडपासून जार बनवणारं साधन) धरून लिहितो आहे. त्याच कामाचं ग्रेडल वापरत असाल तर फाइलींची नावं बदलतील, विचार तोच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या.

उदाहरणासाठी हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर घेऊ. त्यात चार मॉड्यूल आहेत. ‘कोर’मध्ये सभासद, फ्लॅट आणि थकबाकीवरच्या व्याजाचा हिशेब. ‘बिलिंग’मध्ये दर महिन्याची बिलं. ‘रिपोर्ट’मध्ये वार्षिक सभेपुढे ठेवायचे ताळेबंद. आणि ‘वेब’ म्हणजे सभासदांना दिसणारी साइट. बिलिंग आणि रिपोर्ट कोरवर अवलंबून आहेत, वेब या तिघांवर.

सगळ्याचा पाया एवढाच: माणसानं लिहिलेलं गिटमध्ये जातं, मशीननं बनवलेलं आर्टिफॅक्ट रिपॉझिटरीत (जार साठवायच्या सर्व्हरवर) जातं, आणि या दोघांना व्हर्जन नंबर आणि टॅग (कमिटला दिलेलं नाव) जोडतात. हा दुवा तुटला की वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

पायरी १: रेपो एक की अनेक?

नवीन टीमला मी एकच रेपो (गिटमधलं कोडचं भांडार) सुचवतो. मॉड्यूल चार आहेत म्हणून रेपोही चार हवेत, असं काही नाही. ‘ही मॉड्यूल एकत्र रिलीज होतात का?’ हा खरा निकष आहे. आपल्या उदाहरणात कोरमध्ये व्याजाचा नियम बदलला की बिलिंग आणि रिपोर्ट दोन्हीकडे हात लावावा लागतो. रेपो एकच असेल तर हा बदल एका कमिटमध्ये आणि एका रिव्ह्यूमध्ये बसतो. तीन रेपोंत तीन रिव्ह्यू, तीन मर्ज, आणि आधी कोणतं मर्ज करायचं याची चर्चा वेगळी.

कोर दुसऱ्या टीमसुद्धा वापरतात आणि त्याच्या रिलीजचं वेळापत्रक वेगळं आहे, अशी वेळ आली की ते खुशाल वेगळं काढा. पण तेव्हा इतर मॉड्यूलनी त्याची रिलीज झालेली जार वापरायची. गिट सबमॉड्यूलच्या (एका रेपोत दुसरा रेपो जोडण्याच्या) वाटेला सुरुवातीला जाऊ नका. सबमॉड्यूल एका ठरावीक कमिटकडे बोट दाखवतं, ते बोट पुढे सरकवायला कुणीतरी विसरतं, आणि नव्या माणसाचे पहिले काही दिवस त्यातच जातात.

पायरी २: रूट पॉम

रेपोच्या मुळाशी एक पॉम फाइल (मेव्हनला प्रोजेक्टची माहिती देणारी), तिच्यात पॅकेजिंगचा प्रकार ‘पॉम’, आणि चारही फोल्डर ‘मॉड्यूल्स’च्या यादीत. या फाइलच्या दोन भूमिका असतात आणि त्या नवख्यांना एकच वाटतात. यादी देऊन ती सगळ्यांचं बिल्ड एकत्र चालवते, तो ॲग्रिगेटर. आणि मॉड्यूलच्या पॉमनी तिला ‘पेरेंट’ म्हटलं की तिच्यातल्या सेटिंग त्यांना वारशानं मिळतात, तो पेरेंट. एकच फाइल दोन्ही कामं करू शकते आणि बहुतेक ठिकाणी करतेच. पण मॉड्यूल यादीत टाकलं आणि त्याच्या पॉममध्ये पेरेंट लिहिलाच नाही, तर बिल्ड चालेल आणि सेटिंग लागू होणार नाहीत. ‘माझ्याच मॉड्यूलला जावाचं जुनं व्हर्जन का लागतंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

यादीतल्या क्रमाची फार काळजी करू नका. कोण कोणावर अवलंबून आहे ते बघून मेव्हनचा रिॲक्टर क्रम स्वतः लावतो. कोर बिलिंगवर आणि बिलिंग कोरवर असं चक्र झालं, तर तो बिल्ड सुरू करायलाच नकार देतो. असं झालं तर दोघांना लागणारा भाग बाहेर काढून तिसऱ्या मॉड्यूलमध्ये टाका.

पायरी ३: पहिल्याच कमिटमध्ये गिटइग्नोर

पहिली जावा फाइल लिहिण्याआधी गिटइग्नोर फाइल बनवा. तिच्यात प्रत्येक मॉड्यूलचं ‘टार्गेट’ फोल्डर, क्लास फाइली, लॉग आणि इंटेलिजे, एक्लिप्स यांची खासगी फोल्डरं टाका. हे नंतर करू म्हटलं की तोवर कुणीतरी सगळं फोल्डर ॲड करून मोकळं झालेलं असतं.

जार गिटमध्ये का नको, हे नीट समजून घ्या, कारण ‘असू दे ना, जागा किती लागते’ असं म्हणणारे सहकारी भेटतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलच्या सोर्ससाठी, म्हणजे मजकुरासाठी. मजकुराच्या दोन आवृत्त्यांमध्ये फरक थोडा असतो आणि गिट तेवढाच फरक साठवून जागा वाचवतं. जार आधीच झिप केलेली असते. आतली एक ओळ बदलली तरी बाइट इतके बदलतात की वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. ४० एमबीची वॉर (वेब ॲप्लिकेशनची जारसारखी फाइल) रोज कमिट झाली, तर महिन्याभरात रेपो एक जीबीच्या पुढे जातो. क्लोन करणारा प्रत्येक जण हा सगळा इतिहास उतरवून घेतो, आजची एकच फाइल हवी असली तरी. गिटहब ५० एमबीच्या वरच्या फाइलला इशारा देतं आणि १०० एमबीच्या वरची घेतच नाही.

टार्गेट आधीच कमिट झालं असेल तर गिटइग्नोरमध्ये नाव टाकून भागत नाही, कारण गिट ज्या फाइलींवर आधीच नजर ठेवून आहे त्यांना इग्नोर लागू होत नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या फोल्डरमधून ‘गिट आरएम -आर --कॅश्ड टार्गेट’ चालवा. फाइली डिस्कवर राहतील, गिटमधून निघतील. जुन्या कमिटमधला भार मात्र तसाच राहतो. तो काढायचा तर ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास नव्यानं लिहावा लागतो, कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात आणि सगळ्यांना पुन्हा क्लोन करावं लागतं. टीमला सांगून, दिवस ठरवून करायचं काम आहे ते.

याला अपवाद रॅपरचा, म्हणजे ठरलेल्या व्हर्जनचं बिल्ड साधन उतरवून चालवणाऱ्या छोट्या फाइलींचा. मेव्हन किंवा ग्रेडलच्या रॅपरच्या फाइली गिटमध्ये हव्यातच. ग्रेडलच्या रॅपरची छोटी जारसुद्धा. त्यामुळे सगळ्यांच्या मशीनवर आणि सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) बिल्डचं साधन एकाच व्हर्जनचं राहतं.

एखाद्या बँकेनं किंवा पेमेंट कंपनीनं ईमेलनं पाठवलेली जार असते, ती मेव्हन सेंट्रलवर (जावा लायब्ररींच्या सार्वजनिक रिपॉझिटरीवर) नसते. मग ती ‘लिब’ फोल्डरमध्ये टाकून पॉममध्ये थेट पाथ देण्याचा मोह होतो. तसं करू नका. ‘डिप्लॉय-फाइल’ कमांडनं ती तुमच्या आर्टिफॅक्ट रिपॉझिटरीत चढवा आणि व्हर्जन नंबर द्या. पुढे ती इतर कोणत्याही डिपेन्डन्सीसारखीच (कोडला लागणाऱ्या लायब्ररीसारखीच) वागते.

पायरी ४: व्हर्जन एकाच जागी

बाहेरच्या सगळ्या लायब्ररींची व्हर्जन रूट पॉमच्या ‘डिपेन्डन्सी मॅनेजमेंट’मध्ये लिहा. मॉड्यूलच्या पॉममध्ये फक्त नाव, व्हर्जन नाही. सुरुवातीला हा नसता व्याप वाटतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतली लॉगफोरशेल ही सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा याची किंमत कळली. त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या एकामागोमाग एक आल्या. व्हर्जन एका जागी असलेल्या टीमनी प्रत्येक वेळी एक ओळ बदलली. ज्यांच्याकडे ती मॉड्यूलमॉड्यूलमध्ये विखुरलेली होती, त्यांना प्रत्येक दुरुस्तीला सगळ्या पॉम धुंडाळाव्या लागल्या. शिवाय डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमधलं व्हर्जन आडवाटेनं येणाऱ्या लायब्ररींनाही लागू होतं, म्हणजे तुम्ही न मागितलेली, दुसऱ्या लायब्ररीच्या पाठोपाठ आलेली लॉगफोरजेसुद्धा त्यानंच बदलते. कोणती लायब्ररी कुठून आली ते ‘एमव्हीएन डिपेन्डन्सी:ट्री’ दाखवतं. नव्या प्रोजेक्टवर रुजू झालात की ही कमांड एकदा चालवून निवांत वाचा.

पायरी ५: लोकल बिल्ड आणि शिळी जार

नवख्यांचे सगळ्यात जास्त तास इथे जातात, म्हणून जरा थांबून बघू.

तुम्ही कोरमध्ये बदल केला: व्याज देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून न लावता पुढच्या महिन्यापासून लावायचं. मग वेब फोल्डरमध्ये जाऊन ‘एमव्हीएन पॅकेज’ चालवलं. बिल्ड यशस्वी. ब्राउझर उघडला, तर व्याज जुन्याच नियमानं येतंय. कोड पुन्हा वाचला, ठीक आहे. ‘क्लीन’ करून पाहिलं, तेच. ब्राउझरचा कॅश साफ केला, तरी तेच.

होतं असं, की वेब फोल्डरमधून बिल्ड सुरू केलं तेव्हा रिॲक्टरपुढे फक्त वेब होतं. शेजारच्या फोल्डरमध्ये कोरचा ताजा कोड आहे हे त्यानं पाहिलंच नाही. वेबच्या पॉमनं कोर १.४.०-स्नॅपशॉट (अजून रिलीज न झालेलं व्हर्जन) मागितलं आणि मेव्हननं ते तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एमटू’ या लोकल रिपॉझिटरीतून उचललं. तिथे मागे कधीतरी ‘इन्स्टॉल’ केलेली जार पडून होती. नाव तेच, व्हर्जन तेच, आतला कोड जुना. ‘क्लीन’नं वेबचं टार्गेट साफ होतं, डॉट एमटूला ते हातही लावत नाही.

यावर उपाय म्हणजे बिल्ड नेहमी रूटवरून चालवणं. फक्त वेब हवं असेल तर ‘एमव्हीएन -पीएल वेब -एएम व्हेरिफाय’. यातला ‘-पीएल’ म्हणजे कोणतं मॉड्यूल, आणि ‘-एएम’ म्हणजे त्याला जे लागतं तेही बनव. कोर बदलल्यावर कोणाकोणाचं मोडतंय ते बघायचं असेल तर उलट दिशा: ‘एमव्हीएन -पीएल कोर -एएमडी व्हेरिफाय’. कोर आणि त्याच्यावर उभी असलेली सगळी मॉड्यूल बनतात.

इथे मी मुद्दाम ‘व्हेरिफाय’ लिहिलं आहे. पुष्कळ ठिकाणी ‘क्लीन इन्स्टॉल’ हा मंत्रासारखा जपला जातो. व्हेरिफायमध्ये कंपाइल, टेस्ट आणि पॅकेजिंग सगळं होतं, फक्त डॉट एमटूमध्ये जार टाकली जात नाही. रूटवरून काम करत असाल तर त्या जारची गरजच नसते, आणि ती तिथे नसेल तर शिळी व्हायचाही प्रश्न नाही.

टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी रेपो क्लोन करून थेट वेबमध्ये बिल्ड चालवलं आणि ‘डिपेन्डन्सी सापडत नाही’ अशी एरर आली, तर कारण हेच. फक्त तिच्या मशीनवर शिळी जारही नव्हती, म्हणून मेव्हननं प्रामाणिकपणे सांगितलं.

पायरी ६: स्नॅपशॉट आणि रिलीज

आता सामायिक आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी. नेक्सस आणि आर्टिफॅक्टरी ही दोन साधनं बहुतेक कंपन्यांत दिसतील. तिच्यात निदान तीन कप्पे करा: स्नॅपशॉट, रिलीज, आणि मेव्हन सेंट्रलचा प्रॉक्सी (तिथून आलेल्या जार साठवणारा). तिन्ही मिळून एक ग्रुप करा, म्हणजे डेव्हलपरला एकच पत्ता पुरतो. जार चढवायचा पासवर्ड होम फोल्डरमधल्या सेटिंग फाइलमध्ये किंवा सीआयच्या गुप्त व्हेरिएबलमध्ये, पॉममध्ये कधीच नाही.

स्नॅपशॉट म्हणजे अजून हलतं व्हर्जन. १.४.०-स्नॅपशॉट दिवसातून दहादा चढवलं तरी चालतं. रिपॉझिटरी प्रत्येकाला तारीख-वेळेचा वेगळा शिक्का देते. मेव्हन नवीन स्नॅपशॉट आलंय का हे साधारणपणे दिवसातून एकदाच विचारतो. सहकाऱ्यानं दुपारी चढवलेलं तुम्हाला लगेच हवं असेल तर ‘-यू’ हा कॅपिटल अक्षराचा फ्लॅग द्या.

रिलीज म्हणजे गोठलेलं. १.४.० एकदा चढलं की ते बदलायचं नाही, मग चूक स्पेलिंगची असली तरी. १.४.१ काढा, नंबर फुकट असतात. हा नियम माणसांच्या शिस्तीवर सोडू नका. रिलीजच्या कप्प्यात पुन्हा चढवण्याला बंदी घालणारं सेटिंग असतं, ते पहिल्याच दिवशी लावा. एकाच नंबरच्या दोन वेगळ्या जार फिरू लागल्या, तर टेस्टिंगवाल्यांनी पास केलेली १.४.० आणि ग्राहकाकडची १.४.० एकच आहे हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. मेव्हन सेंट्रलवरही प्रकाशित झालेली जार बदलता किंवा काढता येत नाही, ते यासाठीच. एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या रिपॉझिटरीवर) मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. त्यानंतर एनपीएमनं पॅकेज काढण्याचे नियम कडक केले.

प्रॉक्सीचं महत्त्वही अशा वेळी कळतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेसेंटर ही सार्वजनिक रिपॉझिटरी बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा अँड्रॉइडच्या कितीतरी जुन्या प्रोजेक्टची धावपळ झाली. एकदा प्रॉक्सीतून आलेली जार तुमच्याकडे साठून राहते, बाहेरचं दुकान बंद झालं तरी.

पायरी ७: रिलीज काढणं

१. मुख्य ब्रँचवर सगळ्या टेस्ट पास आहेत आणि एकही डिपेन्डन्सी स्नॅपशॉट नाही, हे तपासा. एन्फोर्सर प्लगिनला सांगितलं तर दुसरी गोष्ट ते स्वतः अडवतं.

२. ‘एमव्हीएन व्हर्जन्स:सेट’नं चारही मॉड्यूलचं व्हर्जन १.४.० करा. हातानं पाच पॉम बदलू नका, एक हमखास राहते.

३. कमिट करा आणि त्या कमिटवर व्ही१.४.० असा टॅग लावा. टॅग ॲनोटेटेड हवा, म्हणजे कुणी आणि केव्हा लावला ते त्यात राहतं. टॅग पुश करायला विसरू नका. साध्या पुशबरोबर तो जात नाही.

४. जार सीआयला टॅगवरून बनवू द्या आणि चढवू द्या. स्वतःच्या लॅपटॉपवरून नको, कारण तिथे कमिट न केलेली एखादी फाइल असू शकते.

५. मुख्य ब्रँच १.५.०-स्नॅपशॉटवर न्या.

मेव्हनचं रिलीज प्लगिन हे सगळं दोन कमांडमध्ये करतं. पण पहिल्या काही रिलीज हातानं काढा, म्हणजे प्लगिन मधेच अडलं तर ते कुठे थांबलंय हे कळेल.

चौथ्या टप्प्यात एक खड्डा आहे. मेव्हन ३ साधारणपणे प्रत्येक मॉड्यूल बनलं की लगेच चढवतो. कोर आणि बिलिंग चढले आणि रिपोर्टची टेस्ट पडली, तर रिपॉझिटरीत अर्धं रिलीज बसतं, आणि पुन्हा चढवायला बंदी असल्यानं तो नंबर वाया जातो. डिप्लॉय प्लगिनमध्ये ‘डिप्लॉय ॲट एन्ड’ चालू करा, म्हणजे सगळी मॉड्यूल बनल्यावरच चढवणं सुरू होतं.

टेस्टिंगसाठी एकदा, यूएटीसाठी (ग्राहकाच्या चाचणीसाठी) पुन्हा आणि प्रॉडक्शनसाठी तिसऱ्यांदा असं बिल्ड करू नका. एकदाच बनवा आणि तीच जार पुढे सरकवा. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, ईमेल सर्व्हर असं जागेनुसार बदलणारं सगळं जारच्या बाहेर ठेवा. नाहीतर टेस्ट झालेली जार एक आणि लागलेली दुसरी असा प्रकार होतो.

पायरी ८: जारच्या पोटात कमिटचा पत्ता

मेव्हननं बनवलेली कोणतीही जार झिपसारखी उघडून ‘मेटा-इन्फ’ फोल्डरमधल्या ‘मेव्हन’ फोल्डरमध्ये जा. तिथे ‘पॉम डॉट प्रॉपर्टीज’ नावाची छोटी फाइल असते: ग्रुप, आर्टिफॅक्ट आणि व्हर्जन. रिलीजसाठी एवढ्यावर टॅग सापडतो. स्नॅपशॉटसाठी सापडत नाही, कारण १.४.०-स्नॅपशॉट म्हणजे शंभर कमिटपैकी कोणतंही असू शकतं.

त्यासाठी ‘गिट-कमिट-आयडी’ प्लगिन लावा. बिल्डच्या वेळी ते कमिटचा हॅश, ब्रँच आणि वेळ एका प्रॉपर्टी फाइलमध्ये लिहून जारमध्ये टाकतं. कमिट न केलेले बदल होते का, तेही त्यात येतं. स्प्रिंग बूट (जावाचं वेब फ्रेमवर्क) असेल तर ॲक्च्युएटरचं ‘इन्फो’ पान सेटिंगमधून खुलं केलं की तिथे कमिटची माहिती दिसते. टेस्टरनं बग नोंदवताना तो हॅश चिकटवायचा, एवढी सवय लागली की ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ हा वाद सुरूच होत नाही. मला या पूर्ण यादीतली ही सगळ्यात लाखमोलाची पायरी वाटते, आणि तिला वेळही अगदी थोडा लागतो.

पायरी ९: साफसफाई

स्नॅपशॉट झपाट्यानं साठतात. महिनाभरात न वापरलेली आपोआप काढणारं धोरण लावा, रिलीजला त्यातून वगळा. नेक्ससमध्ये जार डिलीट केल्यावर डिस्क लगेच मोकळी होत नाही. ब्लॉब स्टोअर (फाइली प्रत्यक्ष साठतात ती जागा) ‘कॉम्पॅक्ट’ करणारं काम वेगळं लावावं लागतं.

पायरी १०: तातडीची दुरुस्ती

मुख्य ब्रँच १.५.०-स्नॅपशॉटवर आहे, त्यात अर्धवट नवीन कामं आहेत, आणि ग्राहकाकडच्या १.४.० मध्ये बिलं चुकतायत. मुख्य ब्रँचवर दुरुस्ती करून तीच पाठवू नका. व्ही१.४.० या टॅगवरून नवी ब्रँच काढा, व्हर्जन १.४.१-स्नॅपशॉट करा. आधी चूक पकडणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती, मग सातव्या पायरीनं १.४.१ चं रिलीज. टॅग खरा असेल आणि जार त्याच कमिटची असेल, तर ग्राहकाकडे फक्त तेवढाच बदल जातो. मग तो कमिट चेरी-पिक करून (तेवढाच उचलून) मुख्य ब्रँचवर त्याच दिवशी आणा. हे राहून गेलं तर १.५.० बरोबर तीच चूक ग्राहकाकडे परत जाते.